जखमेचा हिशेब देशाने ठेवायलाच हवा



गेल्या काही महिन्यांत आपल्या समाजातील तीन-चार कुटुंबांनी माझ्याकडे एकच तक्रार केली. "आई घरात पडली म्हणून मियूनमध्ये नेली, तर तिथे प्रश्नच प्रश्न. कुठे पडली, किती वाजता पडली, पायरीवरून की सपाट जमिनीवर, चक्कर आली होती का, कोणत्या गोळ्या घेते. अहो, पाय मोडलाय हे दिसतंय ना! मग पाय बघायचा सोडून ही चौकशी कशाला?"

त्यांचा वैताग मला समजतो. दुखणे आपल्या माणसाचे असले की एकेक मिनिट तासासारखे वाटते. पण मी पेणच्या मराठी शाळेत शिकून, मुंबईत नर्सिंग करून, नंतर इथे दक्षिणेतल्या एका रुग्णालयात निवृत्त होईपर्यंत काम केलेली बाई आहे. त्या अनुभवावरून सांगते, ही चौकशी म्हणजे नुसती कारकुनी नव्हे. तीही उपचाराचाच भाग आहे. काही उत्तरे त्याच वेळी तुमच्या आईच्या कामी येतात, आणि तीच उत्तरे नीट साठवली तर पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाच्या तरी आईचा जीव वाचतो. अशी साठवण करणारी वही म्हणजे राष्ट्रीय ट्रॉमा नोंदणी. ती प्रत्येक देशात असावी, आणि आपल्या देशात आहे ती आणखी पुढे न्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ते का, हे आज सांगते.

आधी शब्दाचा खुलासा. हल्ली टीव्हीवर ट्रॉमा हा शब्द मनाला बसलेल्या धक्क्यासाठी रोज ऐकू येतो. वैद्यकात त्याचा जुना अर्थ आहे शरीराला बाहेरून झालेली इजा. मोटारीचा अपघात, भाजणे, उंचावरून पडणे, चाकूचा वार, स्फोट, हे सगळे ट्रॉमा. आणि न्हाणीघरात पाय घसरून खुबा मोडणे, हाही ट्रॉमाच.

इस्राएलमध्ये ही नोंदणी १९९५ मध्ये सुरू झाली. तिचे मुख्य काम तेल हाशोमेर येथील गेर्टनर संस्थेत चालते. हैफाचे रंबाम, पेताह तिक्वाचे बेलिन्सन, तेल अवीवचे इखिलोव, तेल हाशोमेरचे शेबा, यरुशलेमचे हदासा एन केरेम आणि बेएर शेवाचे सोरोका ही सर्वांत वरच्या दर्जाची ट्रॉमा केंद्रे तिच्यात आहेत. हळूहळू दुसऱ्या पातळीची रुग्णालयेही त्यात येत गेली. इजा होऊन ७२ तासांच्या आत आलेला आणि दाखल झालेला, दुसऱ्या रुग्णालयात पाठवलेला किंवा मियूनमध्येच मृत्यू पावलेला रुग्ण या वहीत येतो. वय काय, इजा कशाने झाली, मागेन दाविद अदोमच्या गाडीतून आला की घरच्या गाडीतून, आला तेव्हा रक्तदाब किती होता, सीटी स्कॅन झाला का, ऑपरेशन कधी झाले, अतिदक्षता विभागात किती दिवस होता, आणि शेवटी घरी गेला, पुनर्वसनाला गेला की दगावला, हे सगळे ठरलेल्या पद्धतीने लिहिले जाते. लिहिणारी माणसे त्यासाठी शिकवून तयार केलेली असतात.

"ठरलेल्या पद्धतीने" हे शब्द महत्त्वाचे आहेत. आपले पूर्वज कोकणात शनिवार तेली म्हणून ओळखले जात. तेल मोजायचे माप अलिबागला एक, पेणला दुसरे आणि पनवेलला तिसरे असते, तर कोणाचा घाणा चांगला चालला हे कसे कळले असते? जखमेचेही तसेच आहे. एक डॉक्टर म्हणतो "गंभीर", दुसरा म्हणतो "मध्यम", आणि दोघे एकाच जखमेबद्दल बोलत असतात. म्हणून १९७४ मध्ये अमेरिकेत सुझन बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक माप तयार केले. शरीराचे सहा भाग करायचे आणि प्रत्येक इजेला तिच्या गंभीरपणाप्रमाणे आकडा द्यायचा. मग सर्वांत जास्त इजा झालेले तीन भाग घ्यायचे, त्यांच्या आकड्यांचे वर्ग करायचे आणि बेरीज करायची. समजा डोक्याला ४, छातीला ३ आणि पायाला २. म्हणजे १६, ९ आणि ४ मिळून २९. बेरीज जास्तीत जास्त ७५ होते, आणि १६ किंवा त्याहून जास्त असेल तर इजा गंभीर मानतात. हे माप असले की हैफाचा रुग्ण आणि बेएर शेवाचा रुग्ण शेजारी ठेवून विचारता येते, सारख्याच जखमांत इकडे माणसे वाचतात आणि तिकडे का वाचत नाहीत?

असा प्रश्न विचारल्याने काय होते? इथल्या नोंदणीवरून झालेल्या अभ्यासात दिसले, की १९९७ मध्ये वरच्या दर्जाच्या केंद्रांत गंभीर जखमींपैकी शंभरातले सुमारे २२ रुग्ण दगावत होते. २००१ पर्यंत हे प्रमाण सुमारे १५ वर आले. त्याच काळात देशात ट्रॉमा केंद्रांची व्यवस्था बसत होती, पथके तयार होत होती, कोणत्या रुग्णाला कुठे न्यायचे याचे नियम रुजत होते. वहीने स्वतः कोणाचा जीव वाचवला नाही, हे खरे. पण आपण योग्य वाटेवर आहोत हे वहीशिवाय कोणाला कळले असते? वॉर्डात आम्हाला वाटायचे की हल्ली जास्त रुग्ण बरे होऊन जातात. वाटणे आणि माहीत असणे यांत फरक असतो.

आता आपल्या वयाच्या माणसांकडे येते. इस्राएलमध्ये ट्रॉमा म्हटले की डोळ्यांपुढे युद्ध येते, बसमधला स्फोट येतो. ते जखमीही या वहीत आहेत. पण वही उघडून मोजले, तर रुग्णालयात दाखल होण्याचे सर्वांत मोठे कारण पडणे हे आहे, आणि पडणाऱ्यांत आपल्यासारख्या वयस्कांची संख्या मोठी. स्फोटाची बातमी होते. मध्यरात्री लघवीला उठलेली आजी गालिच्याच्या काठाला अडखळून पडली, याची बातमी होत नाही. बातमीवर विसंबून सरकारने पैसा वाटला, तर त्या आजीच्या वाट्याला काय येईल?

खुब्याच्या हाडाची गोष्ट याच कारणासाठी मला फार महत्त्वाची वाटते. पूर्वी खुबा मोडलेला म्हातारा माणूस आला, की ऑपरेशनसाठी दिवसेंदिवस थांबे. आज थिएटर रिकामे नाही, उद्या शब्बाथ, परवा हृदयाचा डॉक्टर यायचा आहे. त्या थांबण्यात काय काय होते ते आम्ही नर्सेस पाहत होतो. उताणे पडून छातीत कफ साठायचा, न्यूमोनिया व्हायचा, पाठीला जखमा पडायच्या, पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायच्या. नाती-नातवंडांना न ओळखण्याइतका गोंधळ माणसाच्या डोक्यात व्हायचा. हाड मोडल्याने माणूस मरत नव्हता, पडून राहिल्याने मरत होता. पण आम्ही हे कितीही बोललो तरी ते "सिस्टरचे म्हणणे" असे.

२००४ मध्ये सरकारने रुग्णालयांना पैसे देण्याची रीत बदलली. आधी रुग्ण जितके दिवस राहील तितक्या दिवसांचे पैसे मिळत. आता खुब्याचे ऑपरेशन ४८ तासांच्या आत झाले तर त्याचे ठरलेले पूर्ण पैसे, असा नियम आला. नियम कागदावर चांगला दिसतो, पण त्याने खरेच काही झाले का? हे सांगायला ट्रॉमा नोंदणी होती. नियमाच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या, तेव्हा दिसले की ४८ तासांत ऑपरेशन होणाऱ्या वृद्धांचे प्रमाण वाढले आणि रुग्णालयात दगावणाऱ्यांचे प्रमाण घटले. पुढे मिस्राद हाब्रियूतने हेच ४८ तासांचे माप रुग्णालयांच्या गुणवत्तेच्या तपासणीत घेतले आणि रुग्णालयांचे आकडे लोकांसाठी जाहीर होऊ लागले. आज तुमची बहीण खुबा मोडून दाखल झाली आणि दुसऱ्याच दिवशी तिचे ऑपरेशन झाले, तर त्यामागे ही वहीही आहे.

ब्रिटनमध्ये तिथल्या ट्रॉमा नोंदणीने २०१७ मध्ये केवळ वृद्धांवर एक अहवाल काढला. त्यात दिसले की म्हाताऱ्या माणसांना होणाऱ्या मोठ्या इजांचे सर्वांत नेहमीचे कारण दोन मीटरपेक्षा कमी उंचीवरून पडणे हे आहे. म्हणजे उभ्या जागी, किंवा खुर्चीवरून, पलंगावरून. शिवाय अशा वृद्धांना मोठ्या ट्रॉमा केंद्रात नेण्याचे प्रमाण कमी होते आणि अनुभवी डॉक्टर त्यांच्याकडे कमी वेळा पाहत. कारण सरळ आहे. मोटारसायकलवरून उडालेला तरुण आला की सगळे धावतात. आजोबा "सहज पडले" म्हणून आले की त्यांना कोपऱ्यातली खाट मिळते.

आणि आजोबांचे शरीरही फसवते. एरवी ज्यांचा रक्तदाब १६० असतो त्यांचा ११० झाला, तर यंत्रावर तो चांगला दिसतो, पण आत कुठे तरी रक्त वाहत असू शकते. हृदयासाठी बीटा ब्लॉकरच्या गोळ्या चालू असतील तर रक्त गेले तरी नाडी म्हणावी तशी वाढत नाही. तरुणांवर बेतलेले नियम आपल्याला लागू पडत नाहीत, हे हजारो नोंदी एकत्र केल्याशिवाय सिद्ध करता येत नाही. एका वॉर्डातल्या एका नर्सला हे दिसते, पण तिच्या शब्दावर देशाचे नियम बदलत नाहीत.

रस्त्यावरचेही एक उदाहरण देते. २०१३ नंतर आपल्या शहरांत विजेवर चालणाऱ्या सायकली झपाट्याने वाढल्या. फुटपाथवरून आवाज न करता मागून येतात आणि आपला जीव दचकतो. त्यांच्या अपघातांत दाखल होणारे रुग्ण वाढत आहेत, त्यांत लहान मुले आहेत आणि पायी चालणारे म्हातारेही आहेत, हे नोंदणीवरून झालेल्या अभ्यासांनी दाखवले. २०१६ मध्ये या सायकली चालवण्याचे किमान वय १६ करण्यात आले. फुटपाथवर अजून शिस्त नाही, हे मलाही दिसते. पण ती मागायला हाती आकडे तरी आहेत.

नोंदणीवर आक्षेप घेणारेही आहेत, आणि त्यांचे म्हणणे सोडून देण्यासारखे नाही. पहिला आक्षेप, या कामाला लागणारा पैसा आणि माणसे वॉर्डात का देत नाही? मी स्वतः नर्स कमी असलेल्या रात्रपाळ्या काढल्या आहेत, तेव्हा हा प्रश्न मला परका नाही. पण कोणत्या वॉर्डात, कोणत्या वेळी नर्स कमी पडल्याने माणसे दगावतात, हे सांगायलाही हिशेबच लागतो. दुसरा आक्षेप, रुग्णालयांची तुलना झाली की ती अवघड रुग्ण टाळतील. म्हणूनच नुसते मृत्यू मोजून चालत नाही. जखमेचे माप, वय आणि आधीचे आजार धरून मगच तुलना करावी लागते. तिसरा आक्षेप आपल्या लोकांच्या तोंडून मी जास्त ऐकते, आमची माहिती कोणाकोणाच्या हाती जाणार? हा हक्काचा प्रश्न आहे आणि तो विचारलाच पाहिजे. अभ्यासाच्या अहवालात कोणाचे नाव येत नाही, तिथे आपण केवळ एक आकडा असतो. ही मर्यादा पाळली जाते की नाही, यावर लक्ष ठेवणे आपले काम.

आता या वहीत काय कमी आहे, ते सांगते. ती रुग्णालयाच्या दारापाशी थांबते. जागेवरच मृत्यू झालेला माणूस तिच्यात नाही. मियूनमधून त्याच दिवशी घरी पाठवलेला नाही. आणि दाखल झालेला माणूस घरी गेल्यावर पुढे त्याचे काय झाले, तेही नाही. "घरी सोडले" असे लिहिले की हिशेब मिटला. पण आपल्या वयात खरी गोष्ट तिथूनच सुरू होते. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय राहणारी बाई खुब्याचे ऑपरेशन होऊन घरी गेली. सहा महिन्यांनी ती जिना उतरते का? सणाला सिनेगॉगमध्ये येते का? स्वतःचा चहा स्वतः करते का? की मेतापेलेतच्या आधाराने खिडकीत बसून असते? ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याची ट्रॉमा नोंदणी रुग्णांना सहा महिन्यांनी, मग वर्षाने, पुन्हा दोन वर्षांनी फोन करून अशीच विचारपूस करते. इंग्लंडमध्ये खुब्याच्या फ्रॅक्चरची वेगळी राष्ट्रीय नोंदणी २००७ पासून आहे. इस्राएल लहान देश आहे, प्रत्येक माणूस कोणत्या ना कोणत्या कुपत खोलीमचा सभासद आहे. इथे हे जमायला हवे. रुग्णालयाने जीव वाचवला याचा हिशेब आहे, मग त्या जिवाचे जगणे कसे चालले याचाही हिशेब ठेवा, अशी मागणी आपण वयस्कांनीच केली पाहिजे. आपल्यासाठी ती दुसरे कोण करणार?

आपल्यापैकी अनेकांचे भाऊ-बहीण आणि चुलत घराणी अजून ठाण्यात, मुंबईत, कोकणात आहेत, म्हणून भारताबद्दलही लिहिते. २०२२ मध्ये भारतात रस्त्यावरच्या अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली. हा आकडा पोलिसांच्या नोंदींतून येतो. अपघात कोणत्या रस्त्यावर झाला ते त्यातून कळते. पण मुंबई-गोवा महामार्गावर माणगावजवळ जखमी झालेला माणूस किती तासांनी रुग्णालयात पोचला, त्याला किती ठिकाणी फिरवले, डोक्याला मार होता की पोटात रक्त साठले होते, हे पोलिसांच्या कागदावर नसते. २०१३ ते २०१५ या काळात मुंबईचे सायन आणि के.ई.एम., शिवाय दिल्ली आणि कोलकाता येथील एकेक रुग्णालय मिळून सुमारे १६ हजार जखमींची पद्धतशीर नोंद झाली. म्हणजे गर्दीने भरलेल्या सरकारी रुग्णालयांतही हे काम होऊ शकते, हे आपल्या मुंबईनेच दाखवले. पण ते ठरावीक काळापुरते संशोधन होते. एवढ्या मोठ्या देशाला कायमची, सगळ्या राज्यांची वही हवी. मुंबईत शिकलेली नर्स म्हणून मला याची हळहळ वाटते.

शेवटी आपल्या हातात काय आहे ते.

पहिले, पडलात तर लपवू नका. आपल्यातले कितीतरी जण पडल्याचे मुलांना सांगत नाहीत, कारण भीती वाटते की मुले बेत आवोतमध्ये ठेवतील. ही भीती मी समजू शकते. पण लपवलेले पडणे कोणत्याच वहीत येत नाही, आणि एकदा पडलेला माणूस पुन्हा पडण्याचा धोका जास्त असतो. निदान कुपत खोलीमच्या डॉक्टरांना सांगा.

दुसरे, मियूनमध्ये "सहज पडले" असे सांगू नका. किती वाजता, कुठे, कशावरून, उठता आले का, किती वेळ जमिनीवर होता, आधी चक्कर आली का, डोके आपटले का, हे नीट सांगा. हिब्रू अडखळत असेल तर नातवाकडून फोनवर बोलवून घ्या, पण सांगा.

तिसरे, गोळ्यांची यादी हिब्रूत लिहून पाकिटात ठेवा. कुमाडिन, एलिक्विस, झारेल्टो अशा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या यादीत सर्वांत वर लिहा. अशा गोळ्या घेणाऱ्याच्या डोक्याला मार लागला, तर बरे वाटत असले तरी तपासून घ्या. डोक्यात हळूहळू रक्त साठते आणि ते उशिरा कळते. शुद्ध हरपली, उलटी झाली, बोलणे अडखळले तर वाट पाहू नका, १०१ ला फोन करा.

चौथे, घरातले गालिचे, पायात येणाऱ्या तारा आणि ओल्या फरश्या आजच बघा. न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडी बसवा, रात्री एक छोटा दिवा चालू ठेवा. या वहीत आपले नाव न आलेलेच बरे!

आणि नाव आलेच, तर विचारणाऱ्या सिस्टरवर रागावू नका. ती तुमच्याच वयाच्या माणसांसाठी विचारते आहे.

सर्वांना १२० वर्षे आयुष्य लाभो, आणि ती वर्षे आपल्या पायांवर चालत जावोत.